घोडं पेंड खातंय ते इथं

दोस्तहो, मी माहूरचा. रेणुकेच्या गडाखालचा. दहावी पास झालो, पुढं वाट नव्हती, म्हणून मुंबईच्या गोदीत पाठ वाकवतो आणि रात्री कविता लिहितो. आज कविता नाही. आज घोड्याबद्दल लिहायचंय. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

माझा थोरला भाऊ पुणे जिल्ह्यातल्या एका घोड्यांच्या फार्मवर मोतद्दार आहे. फार्म म्हणजे शर्यतीचे घोडे पैदा करायचा कारखाना. मागच्या साली मी त्याला भेटायला गेलो. फाटकावर तासभर बसवून ठेवलं, मग आत सोडलं. आत बघतो तर नजर पोचेल तिथवर हिरवं. पांढरी कुंपणं. घोड्यांना राहायला खोल्या, त्यांना दादा 'बॉक्स' म्हणतो. एक बॉक्स बारा फूट बाय बारा फूट. खाली कोरडं गवत, वर पंखा, कोपऱ्यात पाणी. चंदी वजनावर, लसूणघास ताजा. पलीकडं मालकाच्या पाहुण्यांचा बंगला. त्याच्यापुढं वाळूचं रिंगण, शनिवार-रविवारी शहरातली पोरं तिथं घोड्यावर बसायला शिकतात.

आणि पागेच्या मागं, लिदीच्या उकिरड्याला लागून, मोतद्दारांच्या खोल्या. दहा बाय दहा. वर पत्रा. दादा, वहिनी, दोन लेकरं, एक सासू. मी गेलो त्या रात्री सहावा.

मी दादाला म्हणलं, "आरं, घोडीला बारा बाय बारा अन् तुला दहा बाय दहा?"

दादा म्हणला, "घोडीची किंमत हाय. माझी काय हाय?"

तो हे रागानं म्हणाला असता तर मी हा लेख लिहिला नसता. तो साधं सांगत होता. भाव सांगावा तसं.

आता घोड्याच्या वाढदिवसाची गोष्ट ऐका. शर्यतीच्या घोड्याला स्वतःची जन्मतारीख असून नसल्यासारखी. तो जानेवारीत जन्मो की एप्रिलमध्ये, वय मोजायला सगळ्यांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी. त्यामुळं शिंगरू ३१ डिसेंबरला पडलं तर दुसऱ्या दिवशी ते कागदावर एक वर्षाचं होतं आणि मालक बुडतो. म्हणून घोडी नवं वर्ष लागल्यावर व्यावी असा हिशेब करून तिला भरवतात. अकरा महिने पोटात. जानेवारी लागला की फार्मवर बाळंतपणांची रांग लागते. रात्र-रात्र मोतद्दार बॉक्सबाहेर बसून. सुट्टी बंद.

१ जानेवारी! दोस्तहो, ही तारीख आम्हाला कुणी सांगायला नको. १८१८ साली त्या दिवशी भीमेच्या काठी कोरेगावला कंपनीच्या पलटणीतले महार पायी लढले. शिरूरहून रात्रभर चालत आले होते. समोर पेशव्याचं हजारोंचं घोडदळ. त्या स्तंभावर कोरलेल्या नावांत बावीस नावं 'नाक' शेवटाची आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं जाऊन उभे राहिले. दादाच्या फार्मपासून तो स्तंभ एस.टी.नं दीड तास. नऊ वर्षं झाली, दादा एकदाही गेला नाही. घोडी व्यायची असते. थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला वहिनी माहूरला आली होती तेव्हाही जानेवारीच होता. दादानं चार दिवस मागितले. उत्तर मिळालं, घोडी झाल्यावर जा. पोरगी अठरा दिवसांची झाल्यावर बापानं तोंड पाहिलं.

तिथं कुणी त्याची जात काढली नाही. हे मी मुद्दाम लिहितो. कुणी शिवी दिली नाही. जात काढायची गरजच पडली नाही, दोस्तहो. माणसं आधीच जिथल्या तिथं बांधून ठेवलेली आहेत. दावणीला बांधलेल्याला कोण शिव्या देतो?

फार्मच्या ऑफिसात भिंतीवर एका नर घोड्याची वंशावळ काचेत लावलेली आहे. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. आईकडचे वेगळे. ह्याची वही असते. विलायतेत ती १७९१ पासून छापतात. आपल्याकडं पुण्यात ह्या नोंदी ठेवणारं ऑफिस आहे. आई-बाप दोघंही वहीत नसतील तर शिंगराला वहीत जागा नाही, मग ते वाऱ्यासारखं पळू दे. रोटी कुणाचीही चालते, कारण चंदी आमच्याच हातची खातात. बेटी मात्र वहीबाहेर जात नाही. काय आठवलं? मला तर मनूच पागेत फिरताना दिसला.

आणि गंमत बघा. ह्या 'शुद्ध' रक्ताच्या मुळाशी तीन घोडे आहेत. सतराव्या-अठराव्या शतकात पूर्वेकडून विलायतेत नेलेले. एकाला तुर्क म्हणायचे, दोघांना अरब. तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर केला. म्हणजे भेसळीतूनच ही जात निघाली, आणि निघाल्यावर दार लावून घेतलं. आतून कडी. सगळ्या शुद्धांची हीच कथा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच, जातीमुळं वंश सुधारतो म्हणणाऱ्यांचे दात त्यांच्याच घशात घातले होते. तरी अजून लग्नाच्या जाहिराती उघडून बघा. स्टडबुकच छापलेलं असतं.

माझ्या बापाची जन्मतारीख १ जून. चुलत्याची १ जून. शेजारच्या तिघांची १ जून. शाळेत नाव घालताना आज्याला तारीख सांगता आली नाही, मास्तरनं टाकली. घोड्यांचा वाढदिवस एक, आमचाही एक. फरक एवढाच की घोड्याचा पणजा काचेत आहे आणि माझा पणजा कुठल्याच वहीत नाही.

तो घरच्यांच्या तोंडी मात्र आहे. निजामाचं राज्य होतं. अंमलदार घोड्यावरून गावात यायचा. घोड्यापुढं धावायचं कुणी? महारानं. घोड्याला गवत कापायचं, पाणी दाखवायचं, लीद काढायची, रात्री राखण करायची. मोबदला भाकरतुकडा. माझा पणजा असा धावायचा. १९४८ च्या सप्टेंबरात निजाम गेला. पुढं वतनंही कायद्यानं गेली. चौथ्या पिढीत माझा भाऊ पुणे जिल्ह्यात घोड्यापुढं उभा आहे. पणजा धावत होता, हा उभा आहे. एवढी प्रगती.

माणसांनाही ह्यांनी घोड्याच्या हिशेबानं मोजलंय. इंग्रजानं कोरेगावला आमचं रक्त वापरलं आणि १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चं शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. म्हणे ह्यांच्यात ती पैदास नाही. १९४१ ला महायुद्ध अंगावर आलं तेव्हा महार रेजिमेंट उभी करताना पैदास कुणी विचारली नाही.

पण घोड्यावर माझा राग नाही. का ते सांगतो. मी सातवीत असताना माझ्या मायला सोयाबीन काढताना साप चावला. दवाखान्यात सलाईनमधून औषध दिलं आणि माय वाचली. पुढं मला कळलं, ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. घोड्याला विष थोडंथोडं टोचतात, त्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. मुंबईच्या हाफकिननं हे काम वर्षानुवर्षं केलं. पुण्याच्या पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा, त्यांचे घोडे हाफकिनला जायचे, त्यातूनच १९६६ ला सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तर माझ्या मायच्या अंगात घोड्याचं रक्त आहे. मांडा आता ह्याची वंशावळ! लावा काचेत!

घोडा मुका. त्याला जात ठाऊक नाही. जात आहे ती खोगिरावर.

मार्च २०१८. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातलं टिंबी गाव. एकवीस वर्षांच्या दलित पोरानं घोडा घेतला, घोड्यावरून रानात गेला, तर त्याला कापून टाकला. लग्नात नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड खाल्लेल्या वराती तर मोजायच्या किती? पोलिसांच्या बंदोबस्तात वरात काढावी लागते आणि पेपरवाले त्याला समतेचा विजय म्हणतात.

म्हणून आपली पोरं ईर्षेला पेटतात. वरातीला घोडाच पाहिजे. मला मान्य आहे. अडवणाराचं मनगट धरलंच पाहिजे. पण भावांनो, माळेगावच्या जत्रेत जाऊन बघा. खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, लहानपणी आज्याच्या खांद्यावर बसून मी तो पाहिलाय. दात बघतात, भोवरे बघतात, देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का बघतात आणि पैसे मोजतात. आपण तिथं कोण असतो? घोडा धरून उभा असणारा. आणि वरातीचं घोडं दोन तासांच्या भाड्याचं. दोन तास वर, जन्मभर खाली. तेवढ्यासाठी व्याजानं पैसे काढून आपण नाचतो. घोडं पेंड खातंय ते इथं. भांडण घोड्याच्या पाठीचं नाही. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीचं आहे.

मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांची शर्यत चालते. दोनशे अकरा एकर. १९१४ चा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. मी ज्या गोदीत राबतो तीही १९१४ चीच. पट्टा २०१३ ला संपला. २०२४ ला १२० एकर बागेसाठी महापालिकेकडं द्यायचं आणि ९१ एकर क्लबकडं ठेवायचं ठरलं. मधली अकरा वर्षं पट्ट्याविना घोडे पळत होते. तिथं बुलडोझर गेला नाही.

आता मराठवाड्यात या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली. १९९१ ला सरकारनं निर्णय काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचं अतिक्रमण कायम करू. आमच्या आज्यानं तीन एकर खडक फोडून ज्वारी काढली. दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात आहेत. सातबारा अजून आला नाही. २०२२ ला हायकोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितल्यावर आमच्या दारावर नोटीस आली. घोडा पट्ट्याविना अकरा वर्षं पळाला तर तो वारसा. माझा आजा पट्ट्याविना चाळीस वर्षं राबला तर तो चोर.

माझं म्हणणं थोडकंच आहे. गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा. फार्मवरच्या मोतद्दाराला नेमणुकीचा कागद द्या, फंड द्या, घोड्याची लाथ बसली तर भरपाई द्या, घोडीच्या बॉक्सएवढी तरी खोली द्या. आणि १ जानेवारीला सुट्टी द्या. आम्ही गोदीतल्यांनी संघटनेच्या जोरावर एकेकाळी हक्क मिळवले, संघटना मोडली तसे ते ठेकेदाराच्या खिशात गेले. मोतद्दार तर फार्माफार्मावर सुटे सुटे बांधलेले. त्यांना एकत्र करणं हे आपलं काम आहे. वरातीमागून घोडं नाचवण्यापेक्षा हे करू.

निघताना दादा फाटकापर्यंत आला. मी म्हणलं, "येत्या एक जानेवारीला कोरेगावला ये. मी गोदीतला खाडा करून येतो."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणला, "घोडी कवा यील सांगता येत नाही."

मी म्हणलं, "घोडीला तिचं बाळंतपण कळतंय. तू ये."

तो हसला. हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

मी वाट बघणार आहे. तुम्हीही या, आणि तुमच्या ओळखीत कुणी मोतद्दार असेल तर त्याला घेऊन या.

जय भीम.