30 सप्टेंबरचा पट, एप्रिलची परीक्षा



निकाल लागले की जिल्हा परिषदेच्या शाळांना झोडपण्याचा हंगाम सुरू होतो. कसारा भागातल्या सातवी-आठवीच्या पोराला भागाकार येत नाही, मास्तर शिकवत नाहीत, वगैरे. न शिकवणारे मास्तर आहेतच, त्यांची वकिली आम्ही करणार नाही. पण निकालाआधी शाळेचा पट वाचावा. बाकावर बसली आहेत ती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची पोरे. घरात महिन्याचा पगार येतो अशांनी आपली पोरे बहुधा दुसरीकडे नेली.

शाळेला मास्तर किती, हे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते. तेव्हा भात शेतात उभे असते, माणूस गावात असतो, पोर वर्गात असते. भात झोडून झाले, दिवाळी सरली, की उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आईबाप विटा थापतात, थोरली धाकट्याला सांभाळते. कागदावर ती सहावीत असते. गावी परतायचे ते पाऊस तोंडावर आल्यावर. परीक्षा एप्रिलमध्येच उरकलेली असते. 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा सक्तीची झाली. फेरपरीक्षेतही राहिला तर पोरगा त्याच वर्गात. भट्टीवरच्या पोराला नापास व्हायलासुद्धा हजर राहता येत नाही!

2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने ठरवले, या वर्गांचा पट 20 च्या खाली गेला तर शिक्षकाचे पदच मंजूर नाही. विखुरलेल्या पाड्यांच्या या डोंगरात वीस पोरे गोळा व्हायची कुठून? शाळा लांब गेली की घरी बसते ती पहिली मुलगी.

आणि माणूस भट्टीवर हौसेने जात नाही. भात हे एकच पीक, रब्बीला पाणी नाही. शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

उपाय कोणाला सुचलेच नाहीत असे नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. पोर जिथे आहे तिथे शाळा नेली. सरकारी कागदावर हंगामी वसतिगृहे आहेत. ती दिवाळीच्या आधी उघडली तर उपयोग, नंतर उघडून आत बसायला पोर गावात हवे ना.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने सहावी ते आठवीचे दोन आकडे हजेरीपटावरून उतरवून आणावेत: 30 सप्टेंबरची हजेरी आणि जानेवारीअखेरची. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे आपलीच माणसे. हजेरीपट त्यांनी मागावा.