गायनशिबिराचे दहा दिवस कोणाला जड होतात?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या धर्मग्रामात दोन प्रकारची पत्रके वाटली जातात. एक असते खासगी शिकवणीवर्गांच्या 'व्हेकेशन बॅच'चे. गुळगुळीत कागदावर, चार रंगांत छापलेले. दुसरे असते माध्यमिक शाळेतील मुलामुलींसाठी भरणाऱ्या निवासी गायनशिबिराचे. ते आम्हीच काढतो आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी उभे राहून वाटतो. पहिले पत्रक जपून घरी नेले जाते. दुसऱ्याची पुष्कळदा आवारातच घडी होते आणि त्याचा पंखा होतो. उकाडा फार असतो, हे आम्हाला मान्य आहे.

यंदा पालकीय मंडळाच्या सभेत एका सुविद्य सभासदाने अनेकांच्या मनातले बोलून दाखवले. "फादर, मुलांना दहा दिवस घराबाहेर ठेवून गाणी शिकवायची, आणि तीही ऐन मे महिन्यात? त्यापेक्षा रविवारी तासभर सराव घ्या. हवा तर नवा कीबोर्ड घेऊ." सभेने माना डोलावल्या. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. सभेत गप्प राहून मागाहून लेखणी उचलणे हे काही शौर्य नव्हे, हे ठाऊक असूनही आज लिहीत आहोत. कारण प्रश्न एका शिबिराचा नाही. आपल्या चर्चमध्ये उद्या कोण गाणार, हा प्रश्न आहे.

पहिला आक्षेप अभ्यासाचा. नववीचा निकाल हाती पडण्याआधीच दहावीचे वर्ग सुरू होतात. आईवडिलांची धास्ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. संगीताने बुद्धी तल्लख होते, गुण वाढतात, असे सांगून शिबिराची भलामण करण्याचा मोह आम्हालाही होतो. पण तो आम्ही टाळतो. प्रार्थनेची किंमत गुणपत्रिकेवरून ठरवायची नसते. आम्ही एवढेच विचारतो : याच मे महिन्यात मावसभावाच्या लग्नासाठी हळदीपासूनचे चार दिवस मोकळे काढता येतात, सहलीसाठी आठवडा निघतो, मग अभ्यासाची आठवण नेमकी शिबिराच्या अर्जावर सही करतानाच का व्हावी?

दुसरा आक्षेप निवासाचा. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेबद्दल पालकांनी प्रश्न विचारले तर ते आम्हाला रास्त वाटतात, आणि त्यांची उत्तरे स्पष्टपणे देणे हे आमचे कर्तव्य आहे. मुलींची व्यवस्था धर्मभगिनींकडे असावी, पाळीपाळीने पालकांनी मुक्कामास यावे, कोणत्याही वेळी येऊन पाहण्यास मुभा असावी. परंतु 'रोज तासभर का नाही?' असे विचारणाऱ्यांनी एकदा शनिवारच्या सरावाला यावे. निम्मी मुले उशिरा येतात, उरलेल्यांना घरी जाण्याची घाई असते, आणि सारा वेळ उद्याच्या मिस्सेची चाल कशीबशी कानावर घालण्यात जातो. श्वास कसा घ्यावा, स्वरलिपी कशी वाचावी, शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला आवाज कसा आवरावा, हे शिकवायला उसंत कुठे असते?

शिबिरात ती मिळते. सकाळच्या प्रार्थनेनंतर श्वासाचे पाठ होतात. मग सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे गट वेगवेगळ्या खोल्यांत बसून आपापला भाग घोटतात. दोन दिवस प्रत्येक गटाला आपला भाग अर्धवट, बेचव वाटतो. तिसऱ्या संध्याकाळी चारही गट एकत्र येतात, आणि आपल्या नीरस स्वरांना अर्थ शेजारच्या स्वरांमुळे येतो हे मुलांना एकदम उमगते. हा अनुभव आम्ही प्रवचनातून देऊ शकलेलो नाही.

तिसरा उपाय सुचवला जातो तो यंत्राचा. कळ दाबली की ताल, कळ दाबली की व्हायोलिन! आमचा वाद्याशी वाद नाही. वाद्याने गाणाऱ्याला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात गायनवृंदांची निगुतीने जोपासना करण्यास सांगितले, आणि त्याच परिच्छेदात धर्माधिकाऱ्यांना बजावले, की संपूर्ण समुदायाला आपला वाटा उचलता आला पाहिजे. पुढे ५ मार्च १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या निवेदनाने गायकांना संगीताच्या शिक्षणाबरोबर उपासनेचे व अध्यात्माचे शिक्षणही देण्याची सूचना केली. प्रतिसादस्तोत्राच्या जागी आवडते गीत का म्हणायचे नाही, उपवासकाळात आलेलुया का थांबतो, हे कोणता कीबोर्ड शिकवणार?

आणि हे काही परदेशातून आणलेले खूळ नव्हे. फादर स्टीफन्स यांनी साष्टीच्या नवख्रिस्ती जनांसाठी 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! आमच्या भाषेतील श्रद्धेचा हा पहिला मोठा ग्रंथ कंठातून म्हणण्यासाठी होता. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या गावच्या पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवले. त्याच परंपरेतील संगीतकार पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक, आणि प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. जगाने त्यांची वाहवा केली, ती योग्यच झाली. पण त्या शाळा रुपेरी पडद्यासाठी उघडल्या नव्हत्या. वेदीपुढे गाता यावे, यासाठी त्या होत्या. कीर्ती मागाहून आली.

येथवर पालकांना बोललो. आता स्वतःला बोलणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शिबिरासाठी आवाजाची चाचणी ठेवली होती. समारोपाला मोठा कार्यक्रम व्हायचा होता, पाहुणे यायचे होते. आठवीतला एक मुलगा आला. त्याचा आवाज फुटत होता. एक स्वर उंच, तर दुसरा एकदम खाली घसरे. बाकीची मुले हसली. आम्ही त्याला पाठीवर थाप मारून सांगितले, "पुढच्या वर्षी ये, बाळ." तो पुढच्या वर्षी आला नाही. गायनवृंदातही आला नाही. आज तो कमावता तरुण आहे, आणि मिस्सेच्या वेळी दाराबाहेर झाडाखाली उभ्या राहणाऱ्या पुरुषांत आम्हाला दिसतो. आमच्या त्या एका वाक्यामुळेच असे झाले, असा दावा करणार नाही. पण तो दिसला की मान खाली जाते.

त्या वयात स्वरयंत्र वाढते, स्वररज्जू लांब होतात आणि मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हा आजार नव्हे, अपात्रताही नव्हे. ताण न देता, झेपेल तेवढ्याच स्वरांत त्याला गाऊ द्यावे, एवढेच करायचे असते. मग ज्या वयात मुलाला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटते, नेमक्या त्याच वयात चर्चने त्याला 'गाऊ नकोस' असे सांगावे काय? शिबिर बक्षिसांसाठी आणि पाहुण्यांसाठी भरवायचे असेल, तर ते बंद करणारा तो सुविद्य सभासदच बरोबर ठरेल.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. चाचणी नको, ज्याला यायचे आहे तो येईल. ज्या घराला खर्च झेपत नाही, त्या घरच्या मुलाचा भार त्याच्या वॉर्डाने गाजावाजा न करता उचलावा. चौथ्या दिवशी लग्नाच्या निमित्ताने मुलाला उठवून नेऊ नये. आणि समारोपाला व्यासपीठ, चषक, छायाचित्रे नकोत. शेवटचा दिवस रविवार असावा. त्या दिवशी मुलांनी गायनवृंदाच्या जागी उभे न राहता आपापल्या आईवडिलांशेजारी, बाकांवर, सर्व चर्चभर विखरून उभे राहावे आणि तेथून गावे. शेजारी मूल गात असताना बापाने किती वेळ ओठ मिटून राहावे, ते त्या दिवशी कळेल.

शिबिरात मुलांना एक साधी गोष्ट शिकवली जाते. लांब स्वर धरायचा असेल तेव्हा सर्वांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. एकाचा श्वास संपला की तो हळूच थांबतो, श्वास घेतो आणि पुन्हा मिसळतो. तेवढा वेळ शेजारी त्याचा स्वर सांभाळतो. ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. ख्रिस्तसभा अशीच दोन हजार वर्षे गात आली आहे. आमच्या पिढीचा श्वास आता संपत आला आहे, पालकहो. शेजारी कोणी उभे आहे का, एवढेच आम्ही विचारतो आहोत.