हमी की मेहेरबानी?

हेब्बाळ, बंगळूरू

हेब्बाळच्या परिसरात बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या परांच्यांवर राबतात ते रायचूर-यादगीरच्या कोरडवाहू गावांतून आणि पूर्व भारताच्या आदिवासी मुलुखातून आलेले स्त्री-पुरुष. सत्ताधारी वर्गाचे अर्थपंडित याला विकास म्हणतात. त्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे : काम शहरात आहे, तेव्हा आदिवासीने डोंगर सोडावा, दुर्गम पाड्यावर सरकारने रोजगार पुरविणे ही उधळपट्टी होय.

हा युक्तिवाद केवळ आपल्या देशातला नाही. 2015 साली ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दुर्गम वस्तीत राहणे ही तेथील मूळनिवासींची जीवनशैलीची निवड ठरविली आणि तिचा भार करदात्यांवर नको, अशी भूमिका घेतली. ज्यांची भूमी हिरावून गोऱ्यांनी राज्य उभारले, त्यांनाच त्या भूमीवर राहण्याबद्दल जाब! तेथे 1977 पासून एक योजना होती. बेकारभत्त्याची रक्कम एकत्र करून वस्तीच्या संघटनेने आपल्या लोकांना काम व वेतन द्यावे, अशी ती योजना. 2015 पर्यंत ती मोडीत काढण्यात आली. तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत भत्त्यासाठी आठवड्याला 25 तासांपर्यंत राबणे सक्तीचे झाले. चुकल्यास भत्ता कापला जाई. शहरी बेकारांवर इतकी कठोर अट नव्हती. 2021 मध्ये ही सक्ती उठवावी लागली आणि 2024 मध्ये सरकारला दुर्गम भागांसाठी 3,000 वेतनी नोकऱ्यांची घोषणा करावी लागली. वेतनाविना सक्तीचे काम हा रोजगार नव्हे. ती वेठ होय.

वेठ म्हणजे काय, हे वारल्यांना कोणी सांगायला नको. 1945 मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी किसान सभेच्या लाल झेंड्याखाली, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाने ती झुगारून दिली. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या योजनेतून स्वीकारले. पण 1972 च्या दुष्काळातील श्रमिकांच्या रेट्याविना ते कागदावरच राहिले असते. 1977 चा कायदा 1979 पासून अमलात आला. 2005 मध्ये डाव्या पक्षांच्या आग्रहाने देशव्यापी कायदा झाला. 15 दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता. काम ही दया न राहता कायदेशीर हक्क झाला.

हा हक्क पोखरण्याचे काम मात्र अखंड चालू राहिले. मजुरी महिनोन्‌महिने थकविली गेली. 2023 पासून मोबाइलवरील हजेरी सक्तीची झाली. सातपुड्याच्या ज्या दरीत रेंजच नाही, तेथे दिवसभर माती खणणारी बाईही गैरहजर ठरू शकते. मग धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबे गुजरातच्या ऊसतोडीला निघतात, यात नवल काय?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. 100 ऐवजी 125 दिवसांचा गाजावाजा झाला. परंतु पूर्वी अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्रावर होता. आता बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलावा लागेल. कोणत्या राज्याला किती निधी, हे केंद्र ठरविणार. खजिन्याची मर्यादा आधी आणि माणसाची मागणी नंतर, याला हमी कसे म्हणावे? शिवाय पेरणी-कापणीच्या काळात 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येतील. म्हणजे ज्या दिवसांत मजूर चढा दर मागू शकतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा पर्याय काढून घेऊन त्याला बागायतदाराच्या दारी उभे करावयाचे. कायद्याचे वर्गस्वरूप येथे उघडे पडते.

जुन्या योजनेत दोष नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. खोटी हजेरीपत्रके होती, ठेकेदारांचा शिरकाव होता, खडी फोडण्यापलीकडे न जाणारी कामे होती. परंतु त्यावरचा उपाय ग्रामसभेच्या हाती नियोजन व तपासणी देणे हा आहे. मजुराचा हक्क आवळणे हा नव्हे. वनहक्काच्या जमिनीवर बांध, तळी, फळझाडे यांची कामे निघाली, तर तोच मजूर उद्या आपल्या शेतावर उभा राहील.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत : मागणीनुसार निधी, मजुरीचा पूर्ण भार केंद्रावर, हंगामी बंदी रद्द, रेंज नसलेल्या पाड्यांत कागदी हजेरी. ठरावाने त्या पदरात पडणार नाहीत. सभासदांनी पाड्यापाड्यांत कामाची लेखी मागणी नोंदवावी, तारखेसह पोच घ्यावी, 15 दिवस उलटताच भत्त्याचा दावा सामुदायिकपणे दाखल करावा. शहरातील बांधकाम कामगार संघटनांनीही हा आपलाच प्रश्न मानावा. गावात कामाचा हक्क शाबूत असेल, तर हेब्बाळच्या परांचीवरचा मजूरही मुकादमाला नकार देऊ शकेल.