जिनिव्हातल्या पंचांना निपाणीहून अनावृत पत्र

जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांस,


१४ डिसेंबर २०२१ रोजी तुम्ही निकाल दिलात. फिर्यादी ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने उसाला दिलेलं सहाय्य उत्पादनमूल्याच्या दहा टक्के या तुमच्या मर्यादेबाहेर गेलं, असं तुम्ही ठरवलंत. निपाणी-चिकोडीकडचे आम्ही ऊसवाले तेव्हापासून जगाच्या दप्तरी अनुदानावर पोसलेले ठरलो. हे फार जिव्हारी लागलं.

कसलं अनुदान? एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, दिल्ली ठरवते, पैसे देतो कारखाना. भारताने हेच तुमच्यापुढे मांडलं. तुम्ही म्हणालात, पैसे सरकारने दिले की कारखान्याने, याने फरक पडत नाही. आमच्या घरात पडतो. कायद्याने १४ दिवसांत मिळायचं बिल कित्येकदा महिनोन्महिने अडकतं. त्यातूनच तोडणी-वाहतूक कापली जाते. शिवाय तोडणीच्या टोळीला खुशाली, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री, ही वरची रक्कम वेगळीच. ती मोजल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही आणि तुरा आला की उसाचं वजन घटतं, म्हणून आम्ही मुकाट देतो. त्याची पावती मिळत नाही, तेव्हा तुमच्या हिशोबात ती कुठून येणार?

हिशोब तरी कोणत्या काळाचा! आजचा आमचा भाव तुमच्या कृषी करारात १९८६-८८ च्या परदेशी दराशी ताडतात. त्या काळच्या दरात आज खताचं पोतं देईल का कुणी?

आणि आमच्याकडून जे काढून घेतलं जातं ते? जून २०२२ पासून साखर निर्यातीवर बंधनं आली, २०२३-२४ च्या हंगामात तर दारच बंद झालं. नेमका तेव्हाच, २०२३ मध्ये, जगात साखर बारा वर्षांतल्या उच्चांकी भावाला पोचली होती. निर्णय दिल्लीचा होता, मान्य. पण असा बुडालेला भाव तुमच्या हिशोबातही धरला जात नाही. शेतकरी नेते शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणत. ते खुल्या व्यापाराचे कैवारी होते; आम्हीही व्यापाराचे वैरी नाही. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीचे शेतकरी महामार्गावर बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या. माणसं गेली ती रास्त भाव मागताना, खैरात मागताना नव्हे.

भारताचं अपील जानेवारी २०२२ पासून तुमच्याकडे पडून आहे, कारण अपील ऐकायला तुमच्याकडे न्यायाधीशच नाहीत. आधी ते नेमा. १९८६-८८ चा आधार बदला. निर्यातबंदीने आमचा जो भाव पाडला, तो वजाबाकीत धरा. मग आम्हाला अनुदानखोर म्हणा.

आपला,
निपाणी भागातला एक ऊस उत्पादक