परसालाही विसावा हवा

शेतीला जोड म्हणून कोंबड्या पाळा, हा उपदेश आता जुना झाला. त्यासाठी सुधारित जातींची पिले वाटली जातात. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विद्यापीठाच्या झाबुआ येथील केंद्राने कडकनाथाच्या प्रसारासाठी मोठे काम केले. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही कामगिरी अभिनंदनीय आहे. परंतु पिलू ज्या मातीवर वाढायचे, त्या मातीचा विचार कोणी करावयाचा?

खुराड्यापुढची जागा पाहावी. वर्षभर तेथेच चोच आणि नखे चालल्याने गवताची काडी उरत नाही. विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव ओल्या मातीत टिकतात व दाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. गोमंतकाच्या पावसात या चक्राला अधिकच बळ मिळते. मग पिले मरतात, आणि दोष जातीला किंवा दैवाला दिला जातो. अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हातचे असतात. मुलाची वही, औषधाची बाटली त्यांतूनच येते. बुडतात ते हे पैसे.

उपाय फार खर्चाचा नाही. परसाचे तीन-चार भाग करावेत, जाळीचे वा बांबूचे हलके कुंपण घालावे आणि आठ-पंधरा दिवसांनी कोंबड्या पुढच्या भागात सोडाव्यात. विसावलेल्या तुकड्यावर ऊन पडते, गवत व किडे पुन्हा येतात, रोगाचा भार हलका होतो. तो नाहीसा होतो, असे मात्र कोणी समजू नये. राणीखेत रोगावरील लस आणि मूठभर दाणा यांना पर्याय नाही.

पण ज्याचे परसच टीचभर, त्याने चार भाग कसे करावेत? १९७५ च्या कायद्याने मुंडकाराच्या घराला संरक्षण दिले. भोवतीचे माड बहुधा भाटकाराचेच राहिले. त्या माडांखाली आळीपाळीने कोंबड्या फिरल्या, तर माडालाही खत मिळेल. भाटकारांनी एवढे औदार्य दाखवावे, पंचायतींनी मध्यस्थी करावी आणि पशुसंवर्धन खात्याने पिलांबरोबर जाळी व एका दिवसाचे शिक्षणही द्यावे, अशी आमची सूचना आहे.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. वाटपाच्या आकड्यांखाली मातीचा प्रश्नही झाकून राहणार नाही.