साहेबाची शाबासकी

काशीस बदलून आलेले आम्ही मराठी नोकरदार पाहुण्यांना अस्सीजवळील रेवा कोठी हटकून दाखवितो. आलँ दानिएलू हे फ्रेंच गृहस्थ, आई नॉर्मंडीच्या सरदार घराण्यातील व वडील मंत्री, 1953च्या सुमारापर्यंत तेथे राहत. ‘पाहा, साहेबानेही आपले संगीत मानले!’ असे आम्ही ऐटीत सांगतो. आता त्या वाक्याची आम्हांस लाज वाटू लागली आहे.

साहेबाने शाबासकी दिलीच नव्हती. ते शिष्य झाले होते. शिवेंद्रनाथ बसूंपाशी वर्षानुवर्षे वीणा शिकले, हिंदी-संस्कृत शिकले, ‘शिवशरण’ झाले. 1949 पासून हिंदू विश्वविद्यालयात संगीत शिकविले. पुढे युनेस्कोसाठी देशोदेशींच्या पारंपरिक संगीताच्या ध्वनिमुद्रिका संपादिल्या. 1963 मध्ये बर्लिनला त्याच कामाची संस्था काढली. त्यांचे सारेच सिद्धांत पंडितांना पटले नाहीत. न पटोत. ते गुरूपुढे बसले.

आणि आम्ही? श्रावणातली कजरी, चैत्रातली चैती खिडकीखालून जाते आणि आम्ही महागाईभत्त्याची बोलणी करीत खिडकी लावून घेतो. (आमचीही लागते.) दुर्गाघाट-ब्रह्माघाटच्या जुन्या मराठी घरांत कोणत्या ओव्या उरल्या आहेत, हे आमच्यापैकी एकाने तरी विचारले काय? महाराष्ट्रात जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्यातही पुढाकार गी पॉइटवाँ ह्या फ्रेंच माणसाचा. सोबत हेमा राईरकर होत्या, एवढीच आमची अब्रू राहिली.

यंदा गणेशोत्सवात अध्यक्षीय भाषण नको. घाटावरच्या एखाद्या आजींना ओव्या म्हणण्यास बोलवावे, आणि आपण सर्वांनी खाली सतरंजीवर बसावे.