कपॅसिटर आणि कोरी पाने

पंखा रेंगाळू लागला की घरात दोन मते पडतात: नवा आणावा, किंवा एवढा उन्हाळा ढकलावा. तिसरे मत पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळते. पंखा मंदावण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो. घरगुती पंख्याला तो बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा लागतो आणि नव्या पंख्याच्या किमतीपुढे त्याचे पैसे किरकोळ असतात. मिक्सरचे कपलर आणि कार्बन ब्रश, इस्त्रीची कॉइल, गीझरचा थर्मोस्टॅट यांचीही गोष्ट तीच. पर्यावरणासाठी ग्राहकाने काय करावे, याचे उत्तर हल्ली बहुतेक वेळा आणखी काहीतरी विकत घेणे हेच असते. आज बांबूचा ब्रश, उद्या चौथी कापडी पिशवी. या हिरव्या खरेदीपेक्षा सुटा भाग घेऊन जुनी वस्तू चालू ठेवणे मला कितीतरी अधिक कामाचे वाटते. वस्तूतले तांबे, ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि ती घडवायला लागलेली वीज हा सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. वस्तू फेकली की तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम 22 टक्क्यांवर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. शिवाय दुरुस्तीच्या पैशातला मोठा वाटा कारागिराच्या हाती, म्हणजे शहरातच राहतो.

जुने यंत्र वीज जास्त खाते, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि पंख्याच्या बाबतीत तर तो विशेष लागू पडतो. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 135 युनिटचा फरक पडतो. दिवसभर फिरणारा पंखा बदलावा, हे मान्य. पण पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याला किंवा दिवसाकाठी पाच-दहा मिनिटे चालणाऱ्या मिक्सरला हा हिशेब लागू होत नाही. ज्याचा खर्च वापरात आहे ते बदलावे, ज्याचा खर्च घडणीत आहे ते टिकवावे. स्वस्त नकली भागांचा धोकाही आहेच. तिथे मात्र काटकसर नको.

दुसरा आक्षेप असा की एकट्या ग्राहकाने काय होणार? याचे उत्तर याच पेठेत, अप्पा बळवंत चौकात सापडते. जुन्या पाठ्यपुस्तकांचा तिथला व्यवहार कुठल्या मोहिमेतून उभा राहिलेला नाही. वर्ष संपले की पुस्तके विकायची आणि पुढच्या इयत्तेची जुनीच घ्यायची, या असंख्य घरांच्या सवयीवर तो चालतो. (याच पेठेतले पुणे नगर वाचन मंदिर तर 1848 पासून एकच प्रत अनेकांच्या हाती देत आले आहे, तेव्हा पर्यावरण हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता.) पण सवयीची मर्यादाही इथेच दिसते. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून 2023-24 पासून बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली. हेतू चांगला होता. पण पाने लिहून भरली की ते पुस्तक धाकट्या भावंडाच्या फारसे उपयोगाचे राहत नाही, मग दुकानात ते घेणार कोण? जानेवारी 2025 मध्ये सरकारने हा निर्णय मागे घेतला. हजारो घरांनी जपलेली सवय वस्तूच्या रचनेतला एक बदल मोडू शकतो.

म्हणून दुरुस्तीचा आग्रह घरापुरता ठेवून भागत नाही; वस्तू उघडता येईल अशी घडवली जावी आणि तिचे भाग बाजारात मिळावेत, हेही मागावे लागते. फ्रान्समध्ये 2021 पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे 2023 पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारे सक्तीचे झाले आहेत, पण सुटे भाग किती वर्षे मिळतील हे खोक्यावर कुठेच लिहिलेले नसते. नवा मिक्सर घेण्याआधी एवढीच चौकशी तपकीर गल्लीत करून पाहावी. कुठल्या कंपनीचा माल मिळतो आणि कुठल्या कंपनीचे नाव काढताच दुकानदार मान हलवतो, हे तिथे पाच मिनिटांत कळते.